पडका बाजार, कागदाचा: पण कुठल्या वर्षीचा?

 

खिशात पन्नासची नोट असेल तर काढा. सगळं फोनवरून देण्याच्या दिवसांत नसेलच म्हणा, पण घरात आजीच्या बटव्यात नक्की सापडेल. २०१७ साली आलेली ती निळसर नोट. तिच्या मागच्या बाजूला एक रथ आहे, हंपीचा दगडी रथ. त्याचा माथा जरा नीट बघा. सपाट आहे. वर काही नाही.

आता दुसरं चित्र सांगते. १८५६ साली अलेक्झांडर ग्रीनलॉ नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने हंपीचे फोटो काढले. तेव्हा फिल्म नव्हती. त्याने मेण लावलेल्या मोठमोठ्या कागदांवर निगेटिव्ह तयार केल्या. म्हणजे हंपीचे सगळ्यात जुने फोटो शब्दशः कागदावर उमटलेले आहेत. (हे मला कळलं तेव्हा मी उगाचच खूश झाले, कारण माझा सगळा धंदा कागदाचाच.) त्या फोटोंमध्ये हाच रथ आहे, आणि त्याच्या डोक्यावर विटांचं शिखर आहे. चांगलं उंच. नंतर ते गेलं. १९८० च्या दशकात जॉन गोलिंग्ज या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने ग्रीनलॉच्या जागा शोधून, तिथेच उभं राहून पुन्हा फोटो काढले. दोन्ही शेजारी ठेवले की दिसतं, काय पडलं, काय सावरलं, कुठली झाडी गेली.

मग प्रश्न असा की, मला त्या रथाचं मॉडेल करायचं असेल तर शिखर लावू की नको? ‘जसं आहे तसं कर की,’ असं लोक सांगतात. हो, पण कधी आहे तसं?

आजचा एपिसोड याच्यावरच आहे. अवशेषांचं कागदी मॉडेल कसं करायचं, हे मी सांगणार आहे, मापांसकट. पण मॉडेल करताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो कापण्यात किंवा चिकटवण्यात नाही. तारीख ठरवण्यात लागला.

आपल्याकडे मॉडेल करायची सवय सगळ्यांना असते, फक्त आपण त्याला मॉडेल म्हणत नाही. दिवाळीतला किल्ला. माती, विटा, पोती, वर अळीव पेरलेले. पण एक बघा, दिवाळीचा किल्ला कायम धडधाकट असतो. महाराज सिंहासनावर, मावळे बुरुजावर, दरवाजा शाबूत. प्रत्यक्ष रायगडावर गेलं की बरीचशी जोती दिसतात, छपरं नाहीत. पडका किल्ला कुणी करत नाही. बाजारात किंवा नेटवर मिळणारी कागदी मॉडेलंही बहुतेक तशीच. कॅनन क्रिएटिव्ह पार्कवर जगभरातल्या इमारतींची मॉडेलं फुकट डाऊनलोड करता येतात, सुरुवात करणाऱ्याने जरूर करून बघावीत, हात बसतो. पण छापील मॉडेलात सगळं कोरं करकरीत. पडझड ज्याची त्याला करावी लागते.

तर मी रथ सोडला. त्याच्यावर इतकं कोरीव काम आहे की कागदात ते धड उतरत नाही, लग्नाच्या रुखवतातल्या वस्तूसारखं दिसायला लागतं. मी घेतला विरूपाक्ष मंदिरासमोरचा बाजार. हंपीला गेला असाल तर आठवेल. मंदिराच्या उंच गोपुरापासून पूर्वेकडे सरळ रस्ता, पाऊण किलोमीटरच्या आसपास लांब, टोकाला मोठा दगडी नंदी, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांबांचे मंडप. बहुतेक एकमजली, पूर्वेकडच्या टोकाला काही दुमजली.

हे मंडप कागदासाठी जणू मुद्दाम बांधलेत. सरळ उभा खांब, त्याच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना थोडा बाहेर आलेला आडवा दगड, त्यावर तुळई, तुळयांवर फरशा. संपलं. कमान नाही, घुमट नाही, वळण नाही. आणि कागदाला सरळ घडी फार आवडते.

मापं. सरकारी नकाशा माझ्याकडे नव्हता, होता तो भाऊ. त्याला खांबाला टेकून उभं केलं आणि समोरून फोटो काढला. भाऊ १७० सेंटिमीटर. फोनवर मोजलं तर खांब त्याच्या दीडपटीपेक्षा थोडा जास्त, म्हणून मी २७० सेंटिमीटर धरला. हीच युक्ती तुम्ही कुठेही वापरा, फक्त फोन छातीच्या उंचीवर सरळ धरा आणि जरा लांबून झूम करून काढा. जवळून वर बघत काढलेल्या फोटोत खांब वरच्या बाजूला निमुळता दिसतो आणि सगळा हिशोब बिघडतो.

प्रमाण घेतलं एकास पन्नास. याचं कारण निव्वळ आळस. एक मीटर म्हणजे दोन सेंटिमीटर, डोक्यात हिशोब होतो. खांब ५.४ सेंटिमीटर उंच. खांबाची जाडी साधारण चाळीस सेंटिमीटर धरली तर मॉडेलात आठ मिलिमीटर. दोन खांबांमधलं अंतर माझ्या पावलांनी जवळजवळ २.४ मीटर, म्हणजे ४.८ सेंटिमीटर. सात खण लांब आणि दोन खण खोल एवढाच तुकडा करायचा ठरवला. सात खणांना आठ खांब, आणि अशा तीन ओळी, म्हणजे चोवीस खांब. लांबी झाली साधारण चौतीस सेंटिमीटर, खाली पंचेचाळीस बाय तीसचा प्लायवूडचा तुकडा. पाऊण किलोमीटरमधले सतरा मीटर. तेवढे पुरतात.

आता गंमत बघा. खांब म्हणजे चौकोनी नळी. आठ-आठ मिलिमीटरच्या चार बाजू आणि चिकटवायला चार मिलिमीटरची पट्टी, एकूण छत्तीस मिलिमीटर. उंची चौपन्न. ए-फोर कागदाच्या लांबीत असे आठ बसतात, रुंदीत तीन. चोवीस! एका कागदात अख्खा मंडप उभा. असं जुळून आलं की त्या दिवशी जेवण जास्त जातं.

कागद तीनशे जीएसएमची आयव्हरी शीट. स्टेशनरीच्या दुकानात ‘आयव्हरी’ म्हटलं की देतात. घडी घालायच्या आधी संपलेल्या बॉलपेनने आणि स्टीलच्या पट्टीने रेघ दाबून घ्यायची, मग घडी तडकत नाही. कटरचं पातं दर दोन कागदांनंतर मोडून नवं टोक काढा. बोथट पातं कागद कापत नाही, ओढतं, आणि बोट मात्र व्यवस्थित कापतं. चिकटवायला फेव्हिकॉल, पण बाटलीतून थेट नाही. झाकणात थेंबभर घ्या आणि काडीने लावा.

जोतं केलं खोक्याच्या पुठ्ठ्याचं, तीन मिलिमीटरचे चार थर, बाहेरून आयव्हरीचं आवरण. छपराच्या फरशा दोन मिलिमीटरच्या करड्या पुठ्ठ्याचे दोन थर. वह्यांच्या मागे असतो ना, तसलाच, थोडा जाड. तुळया पुन्हा पोकळ नळ्या. कागदाचे खांब हलके असतात, नुसते चिकटवले तर एका शिंकेत पडतात. म्हणून जोत्यात आठ मिलिमीटरचे चौकोनी खड्डे केले आणि खांब दोन मिलिमीटर आत रोवले. तेवढे दोन मिलिमीटर खांब जास्त लांब कापायचे, हे ओघाने आलंच. कागदावर तशी जागा उरते.

चोवीस खांब सारखेच दिसतात, पण सारखे नसतात. एकाचा कोपरा उडालेला, एकावर चिरा, एक झुकलेला. म्हणून प्रत्येकाच्या तळाला पेन्सिलीने खूण: ओळ कुठली, कितवा. आणि इथे मला हंपीचीच एक गोष्ट सांगायचीय. राजवाड्याच्या परिसरात काळ्या दगडाची पायऱ्यांची पुष्करणी आहे, १९८० च्या दशकात उत्खननात सापडली. चारही बाजूंनी छोट्या छोट्या पायऱ्यांचे त्रिकोण उतरत जातात. फोटोत इतकी रेखीव दिसते की संगणकावर काढल्यासारखी वाटते. तिच्या दगडांवर खुणा कोरलेल्या आहेत. कुठल्या दिशेचा दगड, कितव्या थरातला, कुठे बसवायचा. म्हणजे दगड आधी घडवले, त्यावर नंबर टाकले आणि मग जागेवर जुळवले. ‘भाग क चार इथे चिकटवा’ हे आपल्याला छापील मॉडेलातून माहीत असतं. विजयनगरच्या पाथरवटांना ते कित्येक शतकं आधी ठाऊक होतं, आणि त्यांचे भाग एकेक कित्येक किलोचे.

तर मंडप अखंड उभा राहिला. आता मोडायचा.

इथे बहुतेक लोक कागद फाडतात. कुठेही, कसाही. आणि मग ते अवशेष दिसत नाहीत, फाटलेला कागद दिसतो. एक तर फाडलेल्या कडेला पांढरे तंतू निघतात, दगडाला तंतू नसतात. कापायचं पात्यानेच, वेडंवाकडं, मग बारीक पॉलिश पेपरने कड मारायची. आणि दुसरं महत्त्वाचं म्हणजे दगड कुठेही मोडत नाही. एक पट्टी घ्या, दोन पुस्तकांवर टेकवा, मध्ये बोटाने दाबा. पट्टीची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. ग्रॅनाइट दाब कितीही घेईल, ताण त्याला सोसत नाही. त्यामुळे तुळई तडकते ती साधारण मधल्या भागात, खालून. म्हणजे मॉडेलात चीर काढायची तर मध्ये, खालून सुरू होऊन वर जाणारी. खांबाजवळ नाही.

मोडलेल्या तुळईवरच्या फरशांचं एक टोक खाली येतं, दुसरं अजून वर टेकलेलं. तिरकी फरशी. हे एवढं जरी जमलं तरी बघणाऱ्याला लगेच पटतं.

आणि पडलेलं गेलं कुठे? याचं उत्तर प्रत्येक भगदाडाला द्यावं लागतं. छपरात तीन फरशांची जागा रिकामी असेल तर खाली तीन फरशांचे तुकडे हवेत. नसतील तर कुणीतरी नेले असले पाहिजेत, किंवा साफसफाई करून बाजूला रचले असले पाहिजेत. संरक्षित जागांवर असे रचलेले दगड खूप दिसतात. तडकलेल्या तुळईखाली आधाराला बांधलेले खांबही हंपीत ठिकठिकाणी आहेत. बरेच जण मॉडेलात ते गाळतात, ‘ओरिजिनल नाही’ म्हणून. माझ्या मते पडझडीच्या मॉडेलात टेकू सगळ्यात खरा. कारण तो नसता तर वरचा दगडही दिसला नसता.

मागची पार्श्वभूमी म्हणजे हंपीचे गोटे. ग्रॅनाइटच्या राशी, एकावर एक, आता पडतील असं वाटणारे. वर्तमानपत्राचे घट्ट बोळे, त्यावर पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, सगळ्यात वर टिश्यू पेपर. अर्धवट वाळल्यावर लाकडी पट्टीने चारपाच ठिकाणी दाबायचं, नाहीतर बटाटे दिसतात. हंपीचे दगड गोल असले तरी त्यांच्या भेगा सरळ असतात. एका गोट्यावर मी सुईने चौकोनी भोकांची ओळ पाडली, समान अंतरावर. तिथे फिरताना ही भोकं सतत दिसतात. पाथरवट पाचरी ठोकून दगड सरळ रेषेत फोडायचे, त्यांची ती जागा. कित्येक गोट्यांवर भोकांची ओळ आहे आणि दगड फोडायचा राहून गेलाय. कुणाच्या तरी दिवसभराच्या कामाची सुरुवात.

रंगाबद्दल थोडक्यात. अॅक्रिलिक वापरा. पोस्टर कलरवर नंतर ओला फेव्हिकॉल लागला की रंग सुटतो. करड्यात थोडा विटकरी, कारण तिथला दगड नुसता करडा नाही, त्यात गुलाबी झाक आहे. पुठ्ठ्याला एकाच बाजूने रंग दिला तर तो पापडासारखा वळतो, दोन्ही बाजूंनी द्या. छपराच्या कडेखाली, पाणी जिथून ठिबकतं तिथे, काळपट ओघळ. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी वरून मॅट वार्निश मारावंच, पावसाळ्यात कागद दमट होऊन मान टाकतो. आणि कसर! कपाटात ठेवणार असाल तर डांबरगोळी ठेवा, तिला पुठ्ठा फार आवडतो. कसरीला, डांबरगोळीला नाही.

आता तारीख.

माझ्यासमोर चार पर्याय होते. पहिला, साधारण १५२०. कृष्णदेवरायाचा काळ. त्या सुमारास दोमिंगो पाइश हा पोर्तुगीज प्रवासी तिथे होता, त्याने नगराचं वर्णन लिहून ठेवलंय. रॉबर्ट स्युअलने १९०० साली आपल्या पुस्तकात ते इंग्रजीत आणलं. पण तेव्हाचा बाजार करायचा तर वरचे विटा-चुन्याचे भाग, रंग, पडदे, माल, हे सगळं मला कल्पनेने भरावं लागलं असतं. दुसरा, १५६५. तालिकोटची लढाई झाली, त्यानंतर नगर लुटलं गेलं, जळलं. आग लावलेला बाजार करायला थरारक, पण ते सिनेमाचं काम. तिसरा, आजचा. स्वच्छ, मोकळा, रिकामा बाजार, तिकीट काढून फोटो काढावा असा. चौथा पर्याय आमच्या घरच्या अल्बममध्ये होता.

२००९ मध्ये आम्ही सगळे हंपीला गेलो होतो. मी शाळेत होते. त्या ट्रिपचा एक फोटो आहे, आई मंडपापुढे उभी आहे, उन्हाने डोळे बारीक केलेले. तिच्या मागे दोन खांबांच्या मध्ये अर्धी भिंत, नीळ घातलेल्या चुन्याने रंगवलेली. भिंतीच्या पुढे शिलाई मशीन, त्यावर वाकलेला शिंपी. वरच्या तुळईला खिळा, खिळ्याला लटकवलेली झबली. शेजारच्या खणावर पत्र्याचं छप्पर पुढे आलेलं, त्यावर वाळत घातलेली चादर. विजेच्या तारा. आईच्या खांद्याजवळच्या खांबावर कोरलेलं कासव.

कारण तेव्हा बाजारात माणसं राहत होती. मंडपांमध्ये घरं होती, दुकानं होती, खाणावळी होत्या. शतकानुशतकांपूर्वीचे खांब, त्यांच्यामध्ये बांधलेल्या भिंती, आत संसार. २०११ च्या जुलैमध्ये प्रशासनाने ही वस्ती हटवली. खांबांमधल्या भिंती पाडल्या गेल्या, शेकडो माणसांना बाहेर पडावं लागलं. त्यांच्या पुनर्वसनासाठी जवळच्या कड्डीरामपुरात जागा ठरली, आणि ते सगळं बरंच रेंगाळलं.

मी नंतर पुन्हा गेले तेव्हा कासवावरून तो खण ओळखला. आत काही नव्हतं. सावली होती आणि एक कुत्रं झोपलं होतं. खांबावर भिंत जिथे चिकटलेली होती तिथे चुन्याची फिकट उभी रेघ. तेवढीच खूण.

मी २००९ घेतलं. आणि यावरून माझे बरेच वाद झाले. मॉडेल अर्धवट असताना मामा बघायला आला होता. मामाला इतिहासाची आवड, आणि बोलतो स्पष्ट. म्हणाला, “अगं, इतकं सुंदर केलंयस, आणि वर हा पत्रा कशाला? काढून टाक तो. घाण दिसतोय.” त्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. जागा संरक्षित आहे, १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्या खांबांना सिमेंट फासलं होतं, खिळे ठोकले होते, मीटर बसवले होते. एकेक खिळा म्हणजे एकेक चीर. कुणीतरी थांबवायलाच हवं होतं, असं म्हणणारे लोक दुष्ट नाहीत.

पण पाइशने या देवळापुढच्या रस्त्याचं जे वर्णन केलंय, त्यात सज्जांची, कमानींची सुंदर घरं आहेत, आणि देवळाला येणारे यात्रेकरू तिथे उतरतात असं तो सांगतो. म्हणजे या रस्त्यावर माणसांनी राहणं हे नंतरचं अतिक्रमण एवढंच नाही. ती तिथली रीत आहे. विरूपाक्षाची पूजा आजही चालते, देऊळ जिवंत आहे. मग देवळापुढचा बाजार तेवढा मेलेला असला तरच तो ‘हेरिटेज’, हे मला पटत नाही. मी मामाला हे सांगितलं. तो म्हणाला, “मग पंढरपूरला महाद्वाराच्या गल्लीचं मॉडेल कर, तिथे भरपूर माणसं आहेत.” आमच्याकडे वाद असेच संपतात. तसं पंढरपूरचं नाव त्याने अगदीच हवेतून काढलं नव्हतं. विजयनगरला नेलेली विठ्ठलाची मूर्ती संत भानुदासांनी परत पंढरपूरला आणली, अशी आपल्याकडे परंपरा आहे. आणि हंपीच्या विठ्ठल मंदिरात आज मूर्ती नाही.

एका प्रदर्शनासाठी मॉडेल द्यायचं ठरत होतं, तिथेही हाच सूर. पत्रा, तारा आणि शिंपी काढला तर घेऊ, म्हणाले. मी दिलं नाही. रागाने नाही, खरंच. शिंपी काढला असता तर ते कुठल्याच वर्षीचं मॉडेल राहिलं नसतं. कारण खांबांवरचा काळा धूर चुलींचा आहे, मधल्या भिंतींमुळे मागची ओळ सरळ राहिलीय, आणि एका ठिकाणी तर तडकलेली तुळई खालच्या भिंतीवर विसावलीय. माणसं काढायची तर धूर पुसावा लागेल, आणि ती तुळई पाडावी लागेल.

आता या थराचं काम सांगते, कारण ते फार मजेचं होतं. पत्रा: साध्या कागदावर दीड मिलिमीटरच्या अंतराने रेघा, एक पुढून दाबायची, एक मागून. पन्हळ बरोबर उमटते. चंदेरी रंगावर गंजाचे ठिपके. तारा म्हणजे फेव्हिकॉलमधून ओढलेला काळा दोरा, वाळताना थोडा सैल सोडायचा, ताणलेली तार खोटी वाटते. चादर टिश्यू पेपरची. निळी भिंत करताना आधी पांढरा हात, मग पातळ निळा, मग जमिनीलगत मातीचे शिंतोडे. शिलाई मशीन करताना मात्र घाम फुटला. एकास पन्नासमध्ये मशीनची मान एक सेंटिमीटरसुद्धा होत नाही. काळ्या कागदाचे सहा तुकडे, चिमटा, आणि श्वास रोखून धरणं. पायाच्या पट्ट्याचं चाक पंचिंग मशीनमधून निघालेल्या टिकलीचं. शिंप्याचा चेहरा फोटोत दिसत नाही, म्हणून मॉडेलातही तो वाकलेलाच आहे.

आईलाही उभं करणार होते. कागदाची आकृती कापून झाली होती, साडेतीन सेंटिमीटरच्या आतली, जांभळ्या ड्रेसमध्ये. तिला विचारलं तर म्हणाली, “मला नको, मी चार तास होते तिथे. त्याला राहू दे.”

शेवटची गोष्ट, फोटोची, कारण तुमच्यापैकी बहुतेक जण मॉडेल केल्याबरोबर तेच करणार. वरून फोटो काढू नका. वरून ते खेळणं दिसतं. एकास पन्नासच्या जगात उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून तीन सेंटिमीटरच्या थोडे वर असतात. तुमच्या फोनचा कॅमेरा वरच्या टोकाला असतो, म्हणून फोन उलटा धरा, डोकं खाली. कॅमेरा थेट बाजाराच्या जमिनीजवळ येतो. खोलीतला दिवा बंद, खिडकीतून तिरका उजेड, म्हणजे खांबांच्या सावल्या रस्त्यावर पडतील. दोन-तीन पावलं मागे जाऊन थोडं झूम करा, नाहीतर पुढचा खांब तेवढा स्पष्ट आणि बाकी सगळं धूसर येतं.

आणि फोटो पोस्ट कराल तेव्हा नुसतं ‘हंपी’ लिहू नका, वर्षही लिहा. तुमचं मॉडेल दौलताबादचं असो, वसईच्या किल्ल्याचं असो, नाहीतर गावाबाहेरच्या पडक्या वाड्याचं. वाडा असेल तर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या, छप्पर कुठल्या पावसात पडलं ते. बहुतेक वेळा सालासकट सांगतात.

पुढच्या वेळी बांबूच्या कामट्यांनी आकाशकंदील, आणि कामट्या हाताला न लागता सोलायच्या कशा. भेटू. तोवर पात्याचं टोक मोडताना डोळे सांभाळा.